जठर बेंबीशी नाही, बरगड्यांखाली असतं

प्रश्न विचारणारे गुरुजी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुस्तकातल्या आकृतीत जठर बरगड्यांना टेकलेलं दिसतं, पण "जठर कुठं आहे, हात ठेवा" म्हटलं की वर्गातली सगळी पोरं बेंबीवर हात ठेवतात. घरची मोठी माणसंही तेच करतात. मग खरं काय? ते केवढं असतं? आतलं ॲसिड जठरालाच का खात नाही? गावात ज्याला सरसकट 'गॅस' म्हणतात तो जठरातलाच असतो का? आणि हे सगळं फळ्यावरच्या आकृतीशिवाय पोरांना दाखवायचं कसं?

गुरुजी, आकृती बरोबर आहे, हात चुकतो. आणि हा हात चुकतो म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आमच्याकडे किती घोळ होतात ते सांगायला हवं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी स्वतःच्या अंगावर तपासून बघा. सकाळी उपाशीपोटी उताणे झोपा. डाव्या हाताचं मधलं बोट छातीच्या डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांवर पुढच्या अंगाला सपाट ठेवा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या टोकानं त्यावर टकटक करा. पोकळ, घुमणारा आवाज येईल. आता उजवीकडे त्याच उंचीवर तसंच वाजवा. आवाज बद्द, भरीव. उजवीकडे यकृत आहे, मांसल आणि गच्च. डावीकडे वाजतोय तो जठराचा वरचा घुमट, ज्यात नेहमीच थोडी हवा साठलेली असते. म्हणजे तुमचं बोट बरगडीवर आहे, छातीवर म्हणता येईल अशा जागी, आणि खाली जठर आहे. पुरुषाच्या डाव्या स्तनाग्राच्या जरा खाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या फटीइतक्या उंचीपर्यंत हा घुमट जातो. त्याच्यावर श्वासपटलाचा पातळ पडदा, आणि पडद्याच्या वर हृदय. हा शेजार लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

घास गिळला की अन्ननलिकेतून, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरच्या नळीतून, तो छाती ओलांडतो, श्वासपटलातल्या भोकातून खाली उतरतो आणि जठरात पडतो. दुर्बीण घालून तपासणी करताना पुढच्या दातांपासून मोजलं तर हे दार साधारण ४० सेंटिमीटरवर येतं. दुर्बिणीवर आकडे छापलेले असतात, ते बघत आत जायचं. अन्ननलिकेचं अस्तर फिकट गुलाबी असतं आणि ४० च्या आसपास एका नागमोडी रेषेवर ते एकदम लालसर होतं. ती रेषा ओलांडली की आपण जठरात. आधी दिसतात चुण्या, जाड, लांबट, खाली उतरत गेलेल्या. दुर्बिणीतून थोडी हवा सोडली की त्या पसरून सपाट होतात. रिकामं जठर हे पाणी ओतून टाकलेल्या पखालीसारखं चपटं होऊन पडलेलं असतं. जेवण आलं की फुगतं, आणि फुगताना आतला दाब फारसा वाढत नाही, म्हणून दोन भाकरी खाऊनही लगेच उलटी होत नाही.

दारातून आत गेल्यावर डावीकडे वर घुमट, मग मोठं अंग, मग उजवीकडे वळून निमुळता होत जाणारा शेवटचा भाग, आणि त्याच्या टोकाला जाड स्नायूचं कडं. त्यापलीकडे आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात. डावीकडची बाहेरची कड लांब, उजवीकडची आतली कड आखूड. मध्यरेषेच्या डाव्या बाजूनं सुरू होऊन मध्यरेषा ओलांडून थोडं उजवीकडे संपणारी ही पिशवी आहे. पुढून तिच्यावर यकृताचा डावा तुकडा आणि बरगड्या, मागं स्वादुपिंड आणि डावं मूत्रपिंड, डाव्या अंगाला प्लीहा, खाली मोठं आतडं आडवं गेलेलं.

पोरं अगदीच चूक नाहीत, हेही सांगतो. उंच, सडपातळ माणूस पोटभर जेवून उभा राहिला की जठराची खालची कड बेंबीपर्यंत, कधी तिच्याही खाली येते. बुटक्या, जाड माणसात तेच जठर वर आडवं असतं. पण टोकं दोन्हीकडून बांधलेली आहेत, लोंबतं ते मधलं अंग.

दुखणं मात्र वेगळा हिशेब ठेवतं. गर्भात असताना अन्नमार्ग तीन तुकड्यांत तयार होतो आणि तिन्हींच्या नसा वेगवेगळ्या ठिकाणी मज्जारज्जूला जातात. पहिल्या तुकड्याचं, म्हणजे जठर, आद्यांत्राची सुरुवात, यकृत, पित्ताशय यांचं दुखणं छातीच्या हाडाखालच्या खळग्यात जाणवतं. मधल्या तुकड्याचं, म्हणजे लहान आतडं आणि अपेंडिक्स, बेंबीभोवती. शेवटच्या तुकड्याचं बेंबीखाली. म्हणून पेशंट बेंबीभोवती तळहात फिरवत सांगतो तेव्हा माझ्या मनात जठर शेवटी येतं. अपेंडिक्सचं दुखणं तर बहुतेकदा बेंबीभोवतीच सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. अशा वेळी कुणी "बेंबी सरकली" म्हणून चोळणाऱ्या बाईकडे नेलं तर मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. बेंबी हा नाळ गळून गेल्यावर राहिलेला वण आहे. तिच्याखाली सरकण्यासारखं काही बांधलेलं नाही. चोळून बरं वाटतं ते साध्या वाताचं किंवा मुरड्याचं, जे एरवीही तासाभरात थांबलं असतं. सुजलेलं अपेंडिक्स चोळणं हा वेगळा प्रकार.

आता केवढं असतं ते. इथं आपल्या डोळ्यासमोर जनावर येतं, हीच खरी अडचण आहे. बकरा कापताना वजडी धुतलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. बैलानं ओला चारा जास्त खाल्ला की डाव्या भकाळीत फुगा धरतो आणि जनावरांचा डॉक्टर तिथंच नळी टोचून वायू काढतो, हेही पाहिलेलं असतं. त्यावरून माणसाचा समज होतो की आपल्याही पोटात असाच मोठा डेरा आहे आणि त्यात अन्न कुजून वायू धरतो. बकरी, गाय, बैल रवंथ करणारे. त्यांच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या तिघांत ॲसिड गाळलंच जात नाही, तिथं जंतू चारा आंबवतात आणि त्यातून वायू निघतो. ॲसिड गाळणारा चौथा कप्पा, आणि आपलं जठर म्हणजे फक्त त्या चौथ्याचा भाऊबंद. प्रौढ माणसाचं रिकामं जठर शंभर मिलिलिटरच्याही आत असतं, आणि भरलं की साधारण एक ते दीड लिटर घेतं. लग्नात वांग्याची भाजी आणि रोडगे हाणले की त्याहून थोडं जास्त ताणतं, एवढंच.

नवजात बाळाचं जठर जेमतेम ३० मिलिलिटरचं. पहिल्या दिवशी त्याला एका वेळी चमचा-दोन चमचे चीक पुरतो. हे घराघरात सांगितलं पाहिजे, कारण बाळंतिणीला पहिल्या दिवशी फार दूध दिसत नाही आणि घरातली म्हातारी म्हणते, "बाई, पोराचं पोट नाई भरून रायलं, वरचं दूध पाजा." आशाताई कितीही समजावो, वाटी-चमचा निघतोच. बाळ दूध प्यायल्यावर त्याला खांद्यावर उभं धरून थोपटायचं कारणही रचनेतच आहे: उभं केलं की गिळलेली हवा घुमटात, अन्ननलिकेच्या दाराशी येते आणि ढेकर निघतो. आडवं ठेवलं तर हवा अडकते आणि दारावर दूध येतं.

हे वरचं दार ढिलंच असतं. खालच्या कड्यासारखा तिथं वेगळा जाड स्नायू नाही. अन्ननलिकेच्या टोकाचा ताण, श्वासपटलाचा चिमटा आणि घुमटाशी होणारा तिरका कोन, या तिघांवर ते बंद राहतं. ओपीडीत सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य याच दाराचं आहे: "डॉक्टरसाहेब, जेवलो का छातीत जयजय (जळजळ) होते, अन् आंबट पानी घशाशी येते." विचारलं तर कळतं, ओलिताची लाइन रात्रीची, शेतातून घरी यायला अकरा वाजतात, मग तिखट रस्सा आणि भाकर, आणि पाचव्या मिनिटाला अंथरूण. वर तोंडात खर्रा. तंबाखूतल्या निकोटिननं ते दार आणखी सैल पडतं. गोळ्या मी देतो, पण जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवायला आणि डाव्या कुशीवर झोपायला आधी सांगतो. डाव्या कुशीवर जठराचा मोठा भाग खाली जातो आणि दार वर राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं, ॲसिड दारावर येऊन बसतं. आणि ती ॲसिडची गोळी, ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवण आल्यावर जे ॲसिडचे पंप सुरू होतात तेच तिला बंद करायचे असतात. पोट भरल्यावर जळजळ झाली म्हणून घेतली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

आता ॲसिडचं. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस गाळतं आणि त्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) १ ते २ च्या घरात जातो. अस्तरात लाखो बारीक खड्डे आहेत आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी ग्रंथी. त्यांतल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, शेजारच्या दुसऱ्या पेशी पेप्सिनोजेन. हे पेप्सिनोजेन पेशीत असेपर्यंत निरुपद्रवी असतं, ॲसिडमध्ये पडल्यावरच त्याचं पेप्सिन होतं आणि ते प्रथिनं तोडायला लागतं. पेशी स्वतःच्या पोटात धार काढत नाही, ही पहिली तजवीज. दुसरी म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशी चिकट श्लेष्म्याचा थर आणि त्यात ॲसिड मारणारं बायकार्बोनेट सोडत राहतात. थराच्या वर पीएच १-२ असताना थराखाली पेशीजवळ तो जवळजवळ ७ असतो. तिसरी म्हणजे ही पृष्ठभागाची कातडी टिकवायचा प्रयत्नच होत नाही. चार-सहा दिवसांत ती पूर्ण नवी होते. आणि या सगळ्याला रक्तपुरवठा उदार आहे. चारही बाजूंनी धमन्या येतात, एकीत अडथळा आला तरी बाकीच्या भागवतात.

ॲसिड बनवणाऱ्या त्याच पेशी आणखी एक प्रथिन सोडतात, ज्याशिवाय बी-१२ जीवनसत्त्व पुढे आतड्यात शोषलं जात नाही. जठर काढून टाकलेल्या माणसाला आयुष्यभर बी-१२ ची इंजेक्शनं लागतात ती यासाठी. जेवण तो चालवून घेतो, थोडं थोडं, वारंवार.

अस्तराची ही तटबंदी मोडणारे मुख्य दोन. एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. एवढ्या ॲसिडमध्ये जंतू जगणार नाही असं डॉक्टर मंडळी पिढ्यान् पिढ्या मानत आली. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो जठराच्या अस्तरात दाखवला. लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शलनं तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दुसरा शत्रू आपण विकत आणतो. श्लेष्म्याचा थर टिकवायला लागणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन बंद पाडतात. दुखणं कमी होतं ते याच रसायनाला रोखल्यामुळे. कापूस वेचून कंबर गेलेली, गुडघे गेलेली बाई बाजाराच्या दिवशी दुकानातून सुट्या गोळ्यांची पुडी नेते आणि महिनोन्‌महिने खाते. पुडीवर नाव नसतं. त्यात स्टेरॉइडही असू शकतं, मग दुप्पट नुकसान. अशी बाई चक्कर येते म्हणून आली की मी आधी विचारतो: शी काळीकुट्ट, चिकट, घाण वासाची होते का? जठरात किंवा आद्यांत्रात सांडलेलं रक्त ॲसिडनं काळं पडून तसं बाहेर येतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि तो वास नसतो.

घाव कुठल्या भिंतीवर आहे यावर नशीब ठरतं. आद्यांत्राच्या सुरुवातीच्या मागं एक जाड धमनी चिकटून गेलेली असते. मागच्या भिंतीचा घाव खोल गेला की ती कोरली जाते आणि माणूस रक्ताची उलटी करतो. पुढच्या भिंतीबाहेर आधार काही नाही, मोकळं पोट; तिथला घाव आरपार गेला की ॲसिड पोटभर पसरतं. माणूस नेमकी वेळ सांगतो, "सकाळी म्हशीला पाणी पाजत होतो तवा," आणि त्यानंतर हालत नाही, श्वाससुद्धा उथळ घेतो. पोटावर हात ठेवला तर स्नायू फळीसारखे ताठ. अशाला उभं करून छातीचा एक्स-रे काढायचा. डाव्या श्वासपटलाखाली काळा फुगा सगळ्यांनाच दिसतो, ती घुमटातली हवा. त्यावरून काही ठरत नाही. उजवीकडे, यकृत आणि पडदा यांच्या मध्ये, एक बारीक काळी रेघ दिसली तर जठर किंवा आतडं फुटलंय आणि हवा बाहेर आली आहे. ती रेघ दिसल्यावर ऑपरेशनच्या ठिकाणी पाठवायला तास घालवायचा नसतो.

आणि आता तुमचा 'गॅस'. घुमटातली हवा ही मुख्यतः गिळलेली हवा, ती ढेकर होऊन जाते. तूर, हरभरा, बरबटीनं होणारा वायू मोठ्या आतड्यात बनतो आणि खालून जातो. जठरात अन्न तासन्‌तास कुजत नाही. पातळ पदार्थ लवकर पुढे जातात. भाकर-भाजीला दोन ते चार तास, तेलतूप जास्त असेल तर अजून थोडे. शेवटच्या निमुळत्या भागात मिनिटाला साधारण तीन लाटा येतात, अन्न बंद कड्यावर आपटतं, मागं फेकलं जातं, पुन्हा आपटतं, आणि कण दोन मिलिमीटरच्या आत आला की मगच पलीकडे सुटतो. दुर्बिणीतून हे कडं उघडताना आणि मिटताना बघण्यासारखं असतं. कुणी काल रात्रीची भाजी आज संध्याकाळी उलटीत काढत असेल तर तो गॅस नव्हे, ते कडं अडलंय. आणि तीन-सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजणीनंतर पांढरं दूध जोरात लांब फेकत असेल तर त्याच्या कड्याचा स्नायू जाड झालेला असू शकतो. दोघांनाही सर्जनकडे न्या.

पण गॅस या शब्दानं खरी माणसं मरतात ती वेगळ्या कारणानं. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली आहे, पडद्याखाली जठर, आणि दोघांच्या संवेदना मज्जारज्जूत शेजारीशेजारी पोचतात. त्या भिंतीला रक्त मिळेनासं झालं की दुखणं छातीच्या खळग्यात जाणवतं, मळमळतं, उलटी होते, ढेकर येतात. माणूस म्हणतो, "रातच्यापासून गॅस चढून रायला, सोडा घेतला तरी उतरून नाई रायला." चाळिशी ओलांडलेला माणूस, खळग्यात दाब, घाम फुटलेला, दम लागतोय किंवा जबड्यात, डाव्या हातात काही जाणवतंय, तर सोड्याची वाट बघू नका. ढेकर आल्यावर बरं वाटलं यावरही विसंबू नका. १०८ ला फोन करा आणि जिथं ईसीजी निघेल तिथं गाठा. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर लक्षणं याहून पुसट असतात. ईसीजी चांगला निघाला तर मी आनंदानं ॲसिडची गोळी लिहून देईन.

जठराची जागा वर आहे याची एक जुनी साक्ष वर्गात सांगण्यासारखी आहे. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली, छातीच्या डाव्या खालच्या भागात. बरगड्या फुटल्या आणि त्या जखमेतून जठर उघडं पडलं. तो वाचला, पण भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, भाकरीचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळानं ओढून पाहिले, रस काढून बाटलीत तुकडे विरघळवले आणि १८३३ मध्ये ते छापलं. पचन हे ॲसिड रसाचं रासायनिक काम आहे, हे त्यातून पक्कं झालं. त्या पेशंटला या प्रयोगांचा कंटाळा आला होता, तो पळूनही गेला होता, आणि डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त जगला. पोरांना हा भाग आवडतो.

दाखवायचं असेल तर एक सडपातळ पोरगा बनियनवर उभा करा आणि रंगीत खडू घ्या. गळ्याखालच्या खळगीपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोरी धरा, दोरीच्या मध्यावर आडवी रेघ मारा. या रेघेवर, मध्यरेषेच्या उजवीकडे बोटभर, खालच्या कड्याची खूण. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशेजारी, डावीकडे दोन बोटं, वरच्या दाराची खूण. डाव्या स्तनाग्राच्या जरा खाली घुमटाचा माथा. वरच्या दारापासून निघून घुमटावरून जा, डाव्या बरगड्यांच्या कडेनं खाली या, आडव्या रेघेच्या खाली आणि बेंबीच्या वर वळण घेऊन कड्यापाशी पोचा. मग आखूड कड जोडा. पोरगा वर्गाकडे तोंड करून उभा असेल तर त्याचं डावं ते वर्गाचं उजवं, एवढं रेघ मारण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर निम्मा वर्ग जठर यकृताच्या जागी काढेल.